खालच्या सप्तकातला डॉडी

१

रविवारी सकाळी लापशीचं भांडं घासून पालथं घातलं की इना हात पुसायची आणि भिंतीवरून नवऱ्याची, डॉडीची फिडल उतरवायची. तसं पाहिलं तर ते व्हायोलिनच. पण पोर्टगॅरीसारख्या कोळ्यांच्या गावात कुणी व्हायोलिन म्हणालं तर लोक आधी त्याच्या गळ्यात टाय आहे का ते बघतात. इथे फिडलच. ती मांडीवर घ्यायची, अंगठ्याने एकेक तार छेडायची, उतरली असेल ती खुंटी पिळून जागेवर आणायची आणि पुन्हा टांगून ठेवायची. गज लावायचा नाही. नेम एवढाच, पण इनाने तो कधी मोडला नाही.

तारा उतरायच्याच. समुद्र दाराशी आणि आत कोळशाची शेगडी, मग लाकडाने करायचं तरी काय? ओलीने फुगतं, ऊब लागली की आखडतं. पोर्टगॅरीत आठवडाभर स्वरात राहिलेली फिडल कुणी पाहिली असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं.

खरं म्हणजे या तारा जानेवारीत डॉडी गेला तेव्हाच सैल करायला हव्या होत्या. वाजवणारा गेला की त्याला माती देऊन घरी यायचं आणि अंगावरचा काळा कोट काढायच्या आधी त्याच्या फिडलच्या चारही तारा सैल करायच्या, अशी तिथली रीत. वर्षभर फिडल मुकी ठेवायची आणि मग गावातल्या वाजवणाऱ्यांच्या मंडळात ज्याला गरज असेल त्याला देऊन टाकायची. असं का, हे सांगणारे म्हातारे कधीच गेले होते, रीत तेवढी मागे राहिली होती. इनाने त्या दिवशी कोटासकट खुंटीला हात घातला आणि तिच्याने काही होईना. ते स्वर डॉडीने स्वतःच्या हाताने लावलेले होते. ते आपण कसे उतरवायचे? मंडळाचा म्होरक्या ग्रेगर विचारायला आला तेव्हा ती बेधडक म्हणाली, "केल्या की. त्याच दिवशी केल्या." खोटं बोलली आणि वर त्याला चहाही पाजला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने अंगठा फिरवला, तर चारही तारा जिथल्या तिथे होत्या.

"हवा कोरडी असेल," ती स्वतःशीच म्हणाली. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते, पण म्हणायला काय जातंय? पुढच्या रविवारीही तेच. मग बुधवारी तिने मुद्दाम जाड तार उतरवली, पार लोंबेपर्यंत, आणि फिडल टांगून दिली. रविवारी छेडली तर तार वर आलेली होती आणि कणभर चढी लागलेली होती. डॉडी ती नेहमीच कणभर चढी लावायचा. त्यावरून लग्न झाल्यापासून दोघांची भांडणं होती.

इनाने फिडल जपून भिंतीवर ठेवली आणि त्या दिवशी जेवायला ती खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसली.

२

मंडळ शनिवारी दुपारी कोळ्यांच्या हॉलमध्ये जमायचं. गोल मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं आणि समुद्राकडे तोंड केलेल्या तीन उंच खिडक्या. हिवाळ्यात तीन वाजून गेले की बाहेर अंधारायचं, दिवे लागायचे आणि त्या काचांत समुद्राऐवजी आपणच दिसायचो. गेलेल्याची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवायची, हीसुद्धा रीतच. त्यामुळे इनाच्या उजव्या हाताला डॉडीची खुर्ची तशीच होती. तिच्यावर कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

"बये, राळ घास जरा गजाला," डाव्या बाजूची बेल्ला म्हणाली. "मागच्या शनिवारी तुझी फिडल कण्हत होती."

"ती तुझी असेल. तुझी तर गेली तीस वर्षं कण्हतेय."

"माझी कण्हत नाही, ती तक्रार करते. माझ्यावरच गेलीय!"

सगळे हसले. बेल्लाने हसवलं की हॉलमधली थंडी जरा कमी व्हायची. ग्रेगरने पायाने ठेका दिला, नाचाची एक तडाखेबंद रील झाली, मग दुसरी झाली, आणि मग तो म्हणाला, "आता बायकोची."

बायकोची म्हणजे एक संथ धून. गावातल्याच कुणा जुन्या वाजवणाऱ्याने बायकोसाठी बांधलेली. ती इना आणि डॉडी वाजवायचे तेव्हा बाकीचे गज खाली घेऊन ऐकत बसायचे. इना वरच्या सप्तकात, डॉडी तीच धून खालच्या सप्तकात, तिच्या मागून केसभर उशिरा. डॉडी होड्या बांधणारा सुतार. गज धरायचा तोही वीतभर वरून, रंधा धरावा तसा मुठीत. शिकवणाऱ्यांनी पाहिलं असतं तर डोळे मिटून घेतले असते. धून सुरू व्हायच्या आधी नाकाने सूं करून श्वास घ्यायचा. "तू पुढे हो पोरी," म्हणायचा, "माझं काम मागून यायचं." साठी उलटली तरी पोरीच म्हणायचा मेला.

इनाने गज टेकवला आणि शेजारी सूं झालं.

ती थांबली नाही. थांबता आलंच नाही. पातळ तारेवर बोटं चालत राहिली आणि त्यांच्याखाली, उजव्या हाताला, तो जाडाभरडा गोड आवाज हळूहळू उभा राहिला. वळायची तिची छाती झाली नाही. वळलं आणि बंद पडलं तर? ती समोरच्या चहाच्या भांड्याकडे बघत वाजवत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीखालच्या लाकडावर पडत राहिलं.

धून संपली. ग्रेगरने चहा जाहीर केला.

"बरं केलंस गं," चहा ओतता ओतता बेल्ला हलक्या आवाजात म्हणाली. "डॉडीचं खालचं तूच वाजवायला घेतलंस ते. कुणीतरी घ्यायलाच हवं होतं. अगदी तोच बाज. मला तर भरून आलं."

"मी?" इना म्हणाली. "मी वरचं वाजवत होते."

"हो का!" बेल्लाने तिला कोपराने ढोसलं. "अगं, वर कुणीच नव्हतं. तू खाली गेलीस, तर वरचं कोण वाजवणार?"

३

ग्रेगरला एक खोड होती. दर शनिवारचं वाजवणं तो फोनवर टिपायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. कागद बघून वाजवणं या मंडळाला नामंजूर. घरी ऐकायचं, कानाने बसवायचं. इनाने त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवला, त्याला साखरेच्या डब्याचा टेकू दिला आणि बटण दाबलं.

सूं. मग डॉडी. पहिल्या ओळीतली ती हेलकावा देऊन येणारी जागा, दुसऱ्या ओळीत जरा जास्तच रेंगाळणं, सगळं सगळं डॉडी. वर काही नाही. इनाने कान फोनला लावला. कण्हणं नाही, खरखर नाही, तिच्या गजाचा साधा घासल्याचा आवाजही नाही.

इना काही भोळीभाबडी बाई नव्हती. बंदरावरच्या वजनकाट्यावर तिने उभी हयात काढली होती आणि मासे विकणारे तिला वचकून असायचे. तिने शांतपणे विचार केला. एक, फोन खराब. दोन, आपले कान खराब, वय झालं. तीन, आपण खरंच खालचं वाजवलं आणि मनाने वरचं ऐकलं. दुःखात माणसाचं काय काय होतं. तिसरं तिला पटण्यासारखं वाटलं. त्याची शहानिशा करणंही सोपं होतं.

तिने स्वतःची फिडल काढली. पातळ तारेवर बोट ठेवलं, ते नीट डोळ्यांनी बघितलं, आणि गज ओढला. तार थरथरत होती. थरथर बोटाला कळत होती, जबड्याच्या हाडात कळत होती. आवाज मात्र खालचा येत होता, आणि तो भिंतीकडून येत होता.

त्यालाही कारण सापडतं. एक फिडल वाजली की भिंतीवर टांगलेली दुसरी गुणगुणते. हे फिडल असलेल्या प्रत्येक घरात होतं, कुणी घाबरत नाही. पण ती गुणगुण असते, शेजारच्या खोलीत कुणीतरी ओठ मिटून म्हणावं एवढीच. ती धून वाजवत नाही.

इनाने गज खाली घेतला. खालचा आवाज आणखी दोन स्वर पुढे गेला आणि मग थांबला.

"डॉडी?" ती म्हणाली.

शेगडीत कोळसा खचला. एवढंच.

४

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर बाईने त्या फिडलला कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायला हवं होतं. ज्याचं माणूस गेलेलं नाही, त्याने खुशाल म्हणावं. इनाला हवं ते मिळालं होतं. दहा महिने ती या घरात दोन कपांपैकी एकच काढत होती, बिछान्याच्या एकाच कडेला निजत होती, आणि आता दुपारी खिडकीशी बसून गज ओढला की तो यायचा. सूं करून यायचा. ती रोज वाजवायला लागली, सकाळीसुद्धा. हॅडक शिजायला टाकायची आणि वाजवत बसायची, मासा करपून जायचा आणि तिला पत्ताही नसायचा.

एकदा पाववाल्याच्या दुकानात तिने अर्धा पाव मागितला. पाववाला तिच्या खांद्यावरून मागच्या बाईकडे बघत म्हणाला, "बोला." इनाने पुन्हा मागितला. मग तिने काउंटरवर हात आपटला तेव्हा तो दचकला. "अरे, इना! उभी आहेस ते दिसलं, पण मला वाटलं तुझं ठरतंय अजून. बोलायचंस ना!"

बेल्लाला फोन केला, तर पलीकडून, "हॅलो? हॅलो? कोण आहे? हे बघा, मला काही विकत घ्यायचं नाहीये!" आणि फोन बंद.

इनाने आरशापुढे उभं राहून स्वतःचं नाव म्हटलं. तिला ऐकू आलं. पण ऐकू येणारच, आपलं आपल्याला येणारच, त्याने काय सिद्ध होतं? घसा बसला असेल. तिने आलं घालून पाणी प्यायलं.

घशाचं तिने मनावर घेतलं नाही. तिला छळत होती ती दुसरीच गोष्ट. डॉडी बदलला होता. आधी मागून यायचा, तो आता पुढे गेला होता. तिच्या केसभर आधी त्याचा स्वर लागायचा. हा त्याचा स्वभाव नव्हे. आणि दुसऱ्या ओळीत, जिथे वरची फिडल उंच चढते आणि खालची तिची वाट बघत एकाच स्वरावर थांबते, तिथे तो थांबायचा आणि थांबूनच राहायचा. खूप वेळ. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबणं. इना जीव तोडून ती उंच जागा वाजवायची, तार तुटेल इतका गज दाबायची. तो वाट बघतच राहायचा.

एका दुपारी, बटाटे सोलता सोलता, तिला उमगलं. तो पुढे गेलाच नव्हता. ज्याच्या मागून यायचं, असं त्याच्या पुढे कुणी नव्हतं. तो तिकडे एकटा वाजवत बसला होता, जिथे इना चढते तिथे थांबून कान देत होता, आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"अरे मी इथे आहे रे," ती सालींच्या ढिगापुढे म्हणाली. "डॉडी, अरे इथेच आहे मी!" आणि मग ती बायकांनी रडू नये इतक्या मोठ्याने रडली. शेजारी भिंतीला भिंत लागून घर होतं, तिथून कुणी आलं नाही.

५

नाताळच्या आधी बेल्ला स्वतःच आली, फळांचा केक घेऊन. दारातच म्हणाली, "फोन उचलत नाहीस, शनिवारी येतेस ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसतेस. मी काय केलंय तुझं?"

इना बोलली. बेल्लाने कानाजवळ हात नेला. "काय? अगं मोठ्याने बोल. अंगात काही आहे की नाही? खातेस ना?" ती बोलता बोलता आत आली, केक ठेवला, आणि भिंतीकडे बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

तिने पुढे होऊन अंगठ्याने एक तार छेडली. घरभर स्वर घुमला.

"तू सैल केल्या नाहीस."

इनाने मान हलवली.

"ग्रेगरला सांगितलंस केल्या म्हणून. आम्हाला सगळ्यांना सांगितलंस." बेल्ला खुर्चीत बसली. चिडली असावी असं इनाला वाटलं, पण तिचा चेहरा घाबरलेला होता. "अगं ते खालचं वाजवणं… ते तू नव्हतीस?"

इना तिच्या अगदी कानाशी वाकली. "तो येतो बेल्ला. पण त्याला मी सापडत नाही."

बेल्लाने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात उबदार होते. "ऐक. माझा नवरा गेला तेव्हा मी त्याच दिवशी केल्या. हाताला पीठ लागलेलं होतं, लोकांना खायला घालायचं होतं ना. तशाच पिठाच्या हाताने केल्या. मनात म्हटलं, किती कोरडी बाई मी."

"मग?"

"मग शांत झालं. फार शांत झालं. वाईट असते ती शांतता, खोटं कशाला सांगू? पण त्या शांततेत मी होते गं. तू मला आत्ता कानाशी वाकल्याशिवाय ऐकू येत नाहीयेस." तिचे डोळे भरले. "जानेवारीत वर्ष होतंय. शोनाला फिडल द्यायची ठरलीय, तिची उसनी फिडल म्हणजे चहाची पेटी आहे नुसती. तेव्हा सगळ्यांसमोर सैल कर आणि देऊन टाक. त्याला सोड इना. नाहीतर तू राहायची नाहीस."

इनाने हो म्हटलं. या वेळी तिला ते खरंच म्हणायचं होतं.

६

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी ती भिंतीशी उभी राहिली. आधी करून बघू, मग लोकांसमोर हात कापायला नको. तिने जाड तारेची खुंटी धरली आणि जराशी उलट फिरवली.

आवाज आला. गज नाही, बोट नाही, नुसता आवाज. तोच खालचा, आणि खुंटीबरोबर तोही घसरत चालला, जड होत, ओला होत, उतारावर पाय घसरलेल्या माणसाने आधार शोधावा तसा. इनाने किंचाळून खुंटी परत पिळली. आवाज वर आला आणि थांबला. मग सूं झालं. लहान, दमलेलं.

"नाही करत," ती म्हणाली. "नाही करत रे, नाही."

ती जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावून, आणि तिने विचार केला. वजनकाट्यावरच्या बाईने करावा तसा, दोन्ही पारडी बघत. याच्या तारा सैल केल्या नाहीत म्हणून हा पुरता तिकडे गेला नाही. माझा आवाज गेलाच आहे, पण तो त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, मध्येच कुठेतरी अडकलाय. ज्याच्या तारा सैल, तो तिकडे. मग सैल करायच्या त्या माझ्या. त्याला वर कुणीतरी हवंय. ती मी आहे. सरळ हिशेब आहे.

कुठे जायचं, तिथे काय असतं, परत यायला मिळतं का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या ओळीतली ती उंच जागा आणि तिच्याखाली वाट बघणारा एक स्वर, एवढंच तिला दिसत होतं. तिने हात धुतले, निळा स्वेटर घातला, केस नीट विंचरले. आपण कशासाठी नटतोय हे लक्षात आलं तेव्हा ती चक्क लाजली.

७

हॉलमध्ये सगळे उभे होते. अशा वेळी उभं राहायचं असतं. बाहेर अंधारलं होतं आणि तिन्ही काचांत दिवे, खुर्च्या, माणसं भरून गेली होती. इना दोन पेट्या घेऊन आली. तिने एक उघडली, फिडल मांडीवर घेतली आणि पहिली खुंटी फिरवली.

पातळ तार कुईं करून खाली आली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीला ग्रेगर पुढे वाकला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"इना, थांब. ही डॉडीची नव्हे. ही तुझी."

"माहीत आहे," इना म्हणाली आणि चौथी सैल केली.

बेल्लाने तोंडावर हात घेतला. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. इनाने ती लोंबत्या तारांची फिडल उचलून शोनाच्या हातात दिली. शोना गावची नर्स. भल्याभल्यांना सुया टोचणारी बाई, पण तिला आता ती फिडल धरवेना.

"इनाकाकू, अहो, मी ही कशी घेऊ? तुम्ही आहात ना अजून!"

"घे गं. माझ्याकडे डॉडीची आहे." आणि बोलता बोलता इनाला जाणवलं की शोनाला ऐकू आलं. सगळ्यांनाच ऐकू आलं होतं. तिचा आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाणारा. "ग्रेगर, बायकोची घे. लगेच घे."

ग्रेगरने तिच्याकडे बघितलं, काय करावं ते न कळून बघितलं, आणि खाली बसला. सगळे बसले. त्याने पायाने ठेका दिला. इनाने डॉडीची फिडल हनुवटीखाली धरली. लाकडाला अजून त्याच्या दाढीच्या साबणाचा वास होता. तिने डोळे मिटले, गज उचलला आणि वाट बघितली.

सूं.

आणि त्यावर, तिने गज टेकवायच्या आधीच, वरची फिडल सुरू झाली. तीच. तिचीच. पहिल्या ओळीत ती नेहमी करायची ती घाई, पुढे सावरून घेणं, सगळं तिचं. आणि तिच्या मागून, केसभर उशिरा, डॉडी. दोघं दुसऱ्या ओळीत शिरली. वरची चढत गेली, उंच, आणखी उंच, आणि खालचा स्वर तिच्याखाली थांबून राहिला, आणि मग, या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच, पुढे गेला. इनाचा ऊर भरून आला. ऐकू आलं त्याला! सापडले मी त्याला!

तिने डोळे उघडले आणि उजवीकडे बघितलं. डॉडीची खुर्ची रिकामी होती. मग तिने समोर काचेत बघितलं.

काचेत ती खुर्ची रिकामी नव्हती. एक रुंद खांदा दिसत होता, वीतभर वरून मुठीत धरलेला गज दिसत होता. शेजारच्या खुर्चीत निळा स्वेटर. गुडघ्याला गुडघा लागलेला. तो मान तिरकी करून त्या निळ्या स्वेटरकडे बघत होता, तसा बघायचा तो फक्त वाजवताना, एरवी कधी नाही, आणि त्याचा गज चालत होता आणि तिचाही चालत होता.

इनाचा गज अजून हवेतच होता.

तिने तो घाईघाईने तारांवर टेकवला. वरचं वाजवावं, तर वरचं वाजत होतं. खालचं वाजवावं, तर खालचं वाजत होतं. कुठून आत शिरावं ते तिला कळेना. तिने गज थोडा ओढला, खरखर झाली, ती ओशाळून थांबली. काचेतली दोघं थांबली नाहीत.

"इना," बेल्ला कुजबुजली. तिने इनाच्या मांडीवर हात ठेवला होता, घट्ट, आणि हाताखाली खरीखुरी इना लागली म्हणून ती हसत होती, रडत होती. "अगं बोललीस तू, ऐकू आलं मला! देवाची कृपा. आता वाजव ना. का थांबलीस?"

"जागा नाही गं," इना म्हणाली.

"काय?"

इना काचेकडे बघत होती. आता निळ्या स्वेटरवाली मान वर करेल, एकदा तरी इकडे बघेल, निदान शेवटच्या ओळीला, असं तिला वाटत होतं. धून शेवटच्या ओळीला आली. डॉडी वाकून काहीतरी म्हणाला, ओठांवरून कळत होतं, पोरी म्हणाला, आणि ती बाई हसली आणि त्याच्याकडे बघतच वाजवत राहिली.